माझ्या पोटातली पाण्याची गाठ

पोट दिसायला लागलं तेव्हा मी अकरावीत होते, मॅट्रिकच्या वर्षाला. लग्न ठरलेलं होतं. मुलगा पन्हाळ्याला तालुका कचेरीत कारकून, सरकारी नोकरी, त्यामुळं आईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. सुपारी फुटली होती, परीक्षा झाली की बार उडवायचा एवढंच बाकी होतं. आणि त्यात माझ्या परकराची नाडी आखूड पडायला लागली.

आधी मला वाटलं, अंग भरतंय. बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू, कारण हाडकी म्हणून सगळे मला चिडवायचे. पण हातपाय होते तसेच काटकुळे राहिले आणि पोट तेवढं पुढं. उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक लागायचं. दुखायचं नाही फारसं, जेवल्यावर जड व्हायचं. मी पदर ओढून घ्यायला लागले, दप्तर पोटाशी धरून चालायला लागले. काही केलं नव्हतं तरी चोरासारखी वागत होते, आणि त्यानंच लोकांचं लक्ष गेलं.

नदीवर धुणं धुताना शेजारची एक बाई सगळ्यांदेखत म्हणाली, "काय गं, सासरी जायच्या आदीच बाळसं धरलंयस?" बायका फिदीफिदी हसल्या. मी धुणं तसंच पिळून घरी आले. माझ्या आधी ती बातमी घरी पोचलेली होती.

आईनं दार लावून घेतलं. "कोन हाय त्यो?"

"कोण?" मला खरंच कळलं नाही. तिनं फाडकन थोबाडीत मारली तेव्हा कळलं.

किती शपथा घेतल्या असतील मी! जोतिबाची घेतली, अंबाबाईची घेतली, आबांची घेतली. आबा म्हणजे माझे वडील. ते सोप्यात बसून सगळं ऐकत होते. उठले, टॉवेल खांद्यावर टाकला आणि मळ्यात निघून गेले. त्या दिवसापासून ते जेवायलाही मळ्यातच भाकरी मागवून घ्यायला लागले. माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. आईच्या मारापेक्षा मला ते जास्त लागलं.

आता कुणीही म्हणेल, अगं, पाळी येत होती ना? येत होती की! त्या काळी कावळा शिवला की चार दिवस सोप्याच्या कोपऱ्यात वेगळं बसायचं, ताट वेगळं, घोंगडं वेगळं. सगळ्या गल्लीला दिसायचं. मी दर महिन्याला बसत होते. तेच मी आईला रडून रडून सांगितलं तर ती म्हणाली, "ढोंग करून कोनबी बसंल कोपऱ्यात." पुढच्या खेपेला तिनं मला न्हाणीत नेलं, दार ओढून घेतलं आणि म्हणाली, "दाव."

मी दाखवलं. सतरा-अठरा वर्षांची घोडी मी, आईसमोर तशी उभी राहिले. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात. तिनं बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि म्हणाली, "असंबी असतंय कुनाकुनाला." माझा शेवटचा पुरावा होता तो. तोही गेला.

मग एक दिवस एसटीनं आम्ही दोघीच कोल्हापूरला आलो. आपल्याला कुणी ओळखणार नाही अशा एका बोळात आईनं एक डॉक्टरीणबाई शोधून ठेवली होती. आत शिरल्या शिरल्या आई हळू आवाजात म्हणाली, "बाई, पोरीला मोकळी करा." बाईंनी मला झोपवलं, पोट दाबलं, बोटांनी वाजवलं, तपासलं. मी डोळे घट्ट मिटून घेतले होते. बाई हात धुता धुता म्हणाल्या, "हिला दिवस गेलेले नाहीत."

"बगा की नीट, बाई," आई म्हणाली.

बाई भडकल्या. "आयुष्यभर बायकांचीच पोटं बघतेय मी! पोर कधी बरगडीखाली वाढतं का? ही गाठ आहे. आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात घेऊन जा, आणि वाटेत हिला मारूबिरू नका, फुटली तर जीव जाईल."

बरगडीखाली. एवढी साधी गोष्ट. गावातल्या इतक्या लेकुरवाळ्या बायका, एकीच्याही डोक्यात आली नाही. माझ्याही नाही. शरमेनं माणूस आंधळं होतं, दुसरं काय.

मोठ्या दवाखान्यात एक्स-रे काढला. आबांना निरोप धाडून बोलावून घेतलं. ते आले ते वॉर्डाच्या दारातच उभे राहिले. डॉक्टर तरुण होता, मोठ्यानं बोलायची सवय. आजूबाजूच्या खाटांवरच्या सगळ्या बायका ऐकत असताना त्यानं विचारलं, "घरात कुत्रं आहे का? कधी पाळलं होतं का?"

आई ठसक्यात म्हणाली, "आमच्यात कुत्रं उंबऱ्याच्या आत येत न्हाय."

आणि दारातून आबांचा आवाज आला, "कुत्रं न्हाय, सायेब. कोल्हं हुतं."

मी विसरूनच गेले होते. मी दुसरी-तिसरीत असेन. आमच्या उसाची तोड चालली होती. तोडत तोडत शेवटचा पट्टा राहिला की त्यात लपलेलं सगळं बाहेर पडतं: ससे, रानमांजरं, कोल्हे. कोल्हीण पळून गेली आणि तिचं पिल्लू मागं राहिलं. आबांनी ते टॉवेलात गुंडाळून माझ्यासाठी आणलं. काय मिजास माझी तेव्हा! शाळेत सगळ्यांना सांगत फिरले. पिल्लू गोठ्यात डालग्याखाली राहायचं. त्याची घाण मीच काढायची, हातानं, आणि तोच हात परकराला पुसून भाकरी खायची. ते माझ्या मांडीवर झोपायचं. मी त्याच्या मानेत तोंड खुपसायची.

त्या वर्षी आमच्या गावची म्हाई होती, म्हणजे देवीची जत्रा, घरोघर बकरं पडतं. मुलाणी आला, त्यानं बकरं कापलं, पोट उघडलं आणि काळीज, म्हणजे यकृत, हातात घेऊन आबांना दाखवलं. त्यावर पाण्याची पांढरी फोडं होती. "हे घेऊ नगासा," तो म्हणाला. आम्ही घेतलं नाही. आम्ही स्वच्छ माणसं ना! आबांनी ते उचललं आणि पिल्लापुढं टाकलं. वाया कशाला घालवायचं? गावात सगळे हेच करायचे, मुलाण्याभोवती कुत्री त्यासाठीच जीभ काढून बसलेली असायची, आणि कुत्र्यांनी सोडलेलं उसातले कोल्हे येऊन खायचे. पिल्लू मोठं झालं आणि एक दिवस दावं कुरतडून उसात निघून गेलं. मी दोन दिवस जेवले नाही.

डॉक्टरनं आबांना आत बोलावून स्टुलावर बसवलं आणि समजावून सांगितलं. शेळ्यामेंढ्यांच्या काळजातली ती फोडं कुत्र्याच्या, कोल्ह्याच्या, लांडग्याच्या पोटात गेली की तिथं बारीक जंत होतात. त्या जनावराला काही होत नाही, ते मजेत हिंडतं. पण जंतांची अंडी त्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, केसांना चिकटतात, चाऱ्याला, भाजीला, पाण्याला लागतात. शेळीच्या पोटात गेली की शेळीच्या काळजात फोडं, माणसाच्या पोटात गेली की माणसाच्या काळजात गाठ. वर्षानुवर्षं गपचूप वाढते.

आई मध्येच म्हणाली, "म्हंजे लगीन झालेल्या बाईलाबी हुतंय?"

"कुणालाही होतं. तुम्हालाही," डॉक्टर म्हणाला. आई चटकन दोन पावलं मागं सरकली.

आबा स्टुलावर बसून स्वतःच्या हातांकडं बघत राहिले.

ऑपरेशन झालं. गाठीतून पाणी निघालं आणि त्यात लहान-लहान पिशव्या, द्राक्षांसारख्या. शुद्धीवर आल्यावर पहिलं ऐकलं ते आईचं बोलणं. ती डॉक्टरच्या मागं लागली होती, "त्यातलं थोडं मला द्या की. गावात दावायचं हाय." तो आधी हसला. मग तिच्या तोंडाकडं बघून हसायचा थांबला. औषधाच्या पाण्यात घातलेल्या त्या पिशव्यांची एक काचेची बरणी तिनं पदराखाली धरून एसटीतनं गावाला नेली.

आणि दारोदार फिरली. मी टाके घेऊन आत आडवी, आणि बाहेर तिचा खणखणीत आवाज, "बगा. पोर न्हाय, गाठ हाय. लांबनं कशाला, जवळ येऊन बगा की!" पोरं गोळा व्हायची. बायका बरणी हातात घेऊन हलवून बघायच्या. ज्या बाईनं नदीवर मला टोमणा मारला होता तिच्या उंबऱ्यावर तर आईनं बरणी ठेवली आणि बराच वेळ उचललीच नाही. अब्रू गेली तेव्हा नुसती कुजबुज होती, परत आली ती वाजतगाजत. लोकांना वाटलं, सुटली पोरगी. मला मात्र वाटत होतं, जमिनीनं पोटात घ्यावं. माझ्या पोटातलं गावभर फिरत होतं, आणि त्याला माझी हरकत असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही.

पन्हाळ्याहून होणारी सासू आली. बरणी उजेडात धरून तिनं निरखून बघितली. "पोरं व्हतील न्हवं हिला?" एवढंच विचारलं. "व्हतील की! डॉक्टरनं छातीठोक सांगितलंय," आई म्हणाली. लग्न झालं.

पुढच्या म्हाईला आबा मुलाण्याशेजारी फावडं घेऊन उभे राहिले म्हणे. खराब निघालेलं काळीज लोकांकडून मागून घ्यायचे, कुत्र्यांना हाकलायचे, खोल खड्डा काढून पुरायचे, वर धोंडे ठेवायचे. "आबा, कोल्ह्यांचं दाणापाणी तोडलंसा की!" म्हणून लोक टर उडवायचे. ते दर वर्षी जात राहिले. माझ्याशी त्यावर कधी बोलले नाहीत, पण त्यांना मी कधीच माफ करून टाकलं होतं. आईवरचा राग मात्र जात नव्हता.

मला खरोखर दिवस गेले तेव्हा मी पुन्हा पदर ओढून घ्यायला लागले. नवरा हसायचा, "आता कुणाला लाजतीस?" त्याला काय सांगणार!

सातव्या महिन्यात सासरी डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांची वाडी, आळीभरच्या बायका. आई आली होती. ओटी भरताना तिनं माझ्या पोटावर थोपटलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बायांनो, ह्या खेपंला खरं पोर हाय हं!"

एकच हशा उठला. सासू तर डोळे पुसेपर्यंत हसली. सवयीनं मीही हसले. आणि मग माझ्या तोंडातून निघून गेलं, "आये, त्या खेपंलाबी मी खरंच सांगत हुते."

बायकांना ऐकू गेलं नाही, त्यांचं हसणं चाललंच होतं. आईच्या मुठीत तांदूळ तसेच राहिले. ती माझ्याकडं न बघता, ओटीकडं बघत, अगदी हळू म्हणाली, "मला ठावं हुतं, बाय. न्हाणीत बगितलं तवाच कळलं हुतं. पर गावाला मी काय दावू?"

आणि तिनं मूठ उघडून तांदूळ माझ्या ओटीत घातले.