आधी जेवणाचं विचार

ऑफिसात त्यांना सगळे काका म्हणत. प्रोग्रॅमरला काका म्हणायची पद्धत तशी कुठे नसते, पण बाकीची बहुतेक मंडळी त्यांच्या मुलीच्या वयाची, मग दुसरं म्हणणार काय? कंपनी लिफ्ट दुरुस्तीचं सॉफ्टवेअर बनवायची. कुठल्या इमारतीत लिफ्ट अडकली, कुठला मेकॅनिक जवळ आहे, सगळं त्यावर दिसायचं. कंपनीची स्वतःची लिफ्ट मात्र निम्मा महिना बंद. काका जिना चढून येत, कोपऱ्यातल्या टेबलावर डबा ठेवत आणि तो उघडायचं विसरत.

पूर्वी त्यांना विसरू द्यायला कोणी तयार नव्हतं. एक वाजला की बायकोचा फोन ठरलेला. "जेवलात का?" काकांची नजर स्क्रीनवर, बोटं कीबोर्डवर. "हो, झालं. ठेव आता." डबा तसाच. संध्याकाळी घरी गेले की ती डबा तळहातावर घेऊन नुसत्या वजनावरून काय ते ओळखायची, आणि मग जी सरबत्ती सुरू व्हायची ती भांडी घासून होईपर्यंत. काका वैतागायचे. "जरा म्हणून उसंत देत नाहीस!" ती गेली आणि मग काय, उसंतच उसंत. मुलगी दूरच्या शहरात. रविवारी फोन करते, "बाबा, बरे आहात ना?" विचारते, आणि हे "उत्तम" म्हणून मोकळे होतात. घर खायला उठायचं म्हणून काका ऑफिसात सगळ्यांच्या आधी येऊन बसत. तिथे तरी कोण होतं? कानाला हेडफोन लावलेल्या माणसांची एक रांग.

अशात ऑफिसात एआय मदतनीस आला. स्क्रीनच्या कडेला एक खिडकी उघडायची, काय हवं ते सांगायचं, की हा कोड लिहून देणार. हुशार खरा, पण भलता विसरभोळा. रोज सकाळी नव्याने नोकरीला लागल्यासारखा. काल घसा कोरडा करून सांगावं, तर आज पाटी कोरी. म्हणून त्याच्यासाठी सूचनांची एक फाईल लिहून ठेवायची. काम सुरू करण्याआधी तो ती वाचतो आणि निमूट पाळतो. टीमचा लीड तिशीतला, सदा घाईत. जाता जाता म्हणाला, "काका, इथलं खडान्‌खडा तुम्हालाच माहीत. तुम्हीच लिहा."

काकांनी जीव ओतून लिहिली. तारखा कशा लिहायच्या, मेकॅनिकांच्या माहितीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, टेस्ट चालवल्याशिवाय काम झालं म्हणायचं नाही. ही शेवटची सूचना लिहिताना त्यांना समोरच्या शंकाताई आठवल्या. बाई टेस्टिंग करायच्या. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हाच धंदा, त्यामुळे नावही तसंच पडलेलं. कोणी "झालं" म्हटलं की या चष्म्यावरून बघणार. "झालं म्हणजे? दाखवा." काकांचा कोड त्यांनी इतक्या वेळा परत पाठवला होता की दोघांचं बोलणं चुकांपुरतंच उरलं होतं.

सूचना संपल्या, तरी काकांचे हात कीबोर्डवरून उठेनात. सांगितलेलं न चुकता करणारा असा कोणी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा भेटला होता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि खाली हळूच एक ओळ घातली: "दुपारी एक वाजून गेला की आधी जेवलात का ते विचार. मग काम."

दुसऱ्या दिवशी एकच्या पुढे त्यांनी काहीतरी किरकोळ विचारलं. खिडकीत अक्षरं उमटली, "जेवलात का?" काकांनी ते दोनदा वाचलं. आणि बोटांनी काय टाईप करावं? "हो, झालं." डबा समोर, झाकणही न काढलेला. "छान! चला, पुढचं बघू," मदतनीस म्हणाला. बायकोने त्यांच्यावर एकदाही इतक्या चटकन विश्वास ठेवला नव्हता. काका बराच वेळ त्या "छान" कडे बघत बसले. तरी रोज दुपारची वाट बघायची सवय लागली ती लागलीच.

आता घोळ कुठे झाला? सूचनांच्या फायली असतात दोन. एक आपली खासगी, आपल्याच मशीनवर राहणारी. दुसरी प्रोजेक्टची, सगळ्यांना लागू. या धंद्यात केस पांढरे केलेल्या माणसाने घरगुती ओळ नेमकी दुसरीत लिहिली, आणि आठवडाअखेर कोडबरोबर ती सगळ्यांच्या मशीनवर गेली.

सोमवारी एकच्या सुमाराला पलीकडे कोणीतरी हेडफोन काढले. "अरे, हा मला जेवलात का विचारतोय!"

"मलापण! आई शिरली की काय यात?"

हशा पिकला. तेवढ्यात लीड तणतणत आला. "कोणाचा उद्योग आहे हा? क्लायंटला डेमो देत होतो, त्यांच्यासमोर मला जेवणाचं विचारलं याने!"

काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. लीडची नजर आपल्याकडे वळतेय असं वाटताच ते म्हणाले, "काय की बुवा." मग सगळे पांगल्यावर गुपचूप ती ओळ काढून टाकली. जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी जिना उतरताना मात्र ते मधेच थांबले. एक टिचकी मारली की कुठली ओळ कोणी लिहिली आणि कोणी काढली, सगळं नावानिशी दिसतं. ही गोष्ट त्यांनीच इथल्या पोरांना शिकवली होती! म्हणजे एव्हाना सगळ्यांना कळलं असणार. कोणी चिडवलं असतं तरी चाललं असतं. पण दुसऱ्या दिवशी कोणी चकार शब्द काढला नाही. काका आत आले की बोलणी जराशी थांबत, एवढंच. असं एकटं त्यांना बायको गेली त्या घरातसुद्धा वाटलं नव्हतं.

मदतनीस आता फक्त कामाचं बोलायचा. ओळ खासगी फाईलमध्ये घालता आली असती, पण काकांना स्वतःचीच लाज वाटू लागली होती.

मग एका सकाळी तारखांची सूचना दुरुस्त करायला त्यांनी प्रोजेक्टची फाईल उघडली, तर तळाशी ओळ पुन्हा हजर! "दुपारी एक वाजून गेला की आधी जेवलात का ते विचार." आणि पुढे नवीन: "काकांच्या मशीनवर मात्र विचारू नकोस."

काकांची कानशिलं तापली. सगळ्यांना विचारायचं आणि नेमकं मला वगळायचं? त्यांनी टिचकी मारली. नाव शंकाताईंचं. एवढे दिवस चुका काढल्या, आता हेच बाकी होतं. त्यांनी समोर पाहिलं. बाई खाली मान घालून काम करत होत्या. जाब विचारायला काकांचे पाय उठेनात. सकाळ कशी गेली त्यांचं त्यांना माहीत.

एक वाजला. रांगेत एकेका खिडकीने जेवणाचं विचारलं असणार, कारण खुर्च्या सरकल्या, पोरं उठली. काका स्क्रीनमध्ये डोकं घालून बसून राहिले. टेबलावर सावली पडली तेव्हा त्यांनी वर पाहिलं.

"काका, जेवलात का?" शंकाताईंनी विचारलं.

किती दिवसांनी कोणीतरी तोंडाने विचारलं होतं! आणि इतक्या वर्षांची सवय, काकांच्या तोंडून निघून गेलं, "हो, झालं."

शंकाताई छान म्हणाल्या नाहीत. त्यांनी टेबलावरचा डबा उचलला आणि तळहातावर तोलून पाहिला.

"झालं म्हणजे?" त्यांनी शेजारची खुर्ची ओढली, आपलाही डबा टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "दाखवा."

काकांनी झाकणाला हात घातला, पण ते त्यांना उघडता येईना. डोळ्यांना काही दिसेल तर ना.