मनिषाने वेखंड फेकले

मनिषा माझी सून. मिरकरवाड्याच्या जेटीवर ती पहाटे मासळी घेते आणि पालीच्या बाजारात विकते. तिचा नवरा दीपक, म्हणजे माझा मुलगा, ट्रॉलरवर असल्यामुळे आठ-आठ दिवस घरी नसतो. त्यांची मुलगी मनस्वी तेव्हा सात महिन्यांची होती आणि माझ्याजवळ राहत असे.

एकदा मला ताप आला म्हणून मनिषा तिला जेटीवर घेऊन गेली. तेथे लिलावाचा ओरडा आणि बर्फ फोडण्याच्या मशीनचा आवाज इतका असतो, की मोठ्यांचीही डोकी दुखतात. मनस्वी झोपून राहिली.

"गुणी पोर हो!" असे सर्व म्हणाले. मनिषा मात्र घरी येऊन म्हणाली, "आई, हिला ऐकू येत नाही."

मला राग आला. मनस्वी लाकडी बाकावर निजली होती. मी त्याच बाकावर थाळी ठेवून पळीने वाजवली. मूल दचकले.

"बघ!"

"बाक हादरला, आई. ते अंगाला कळलं तिच्या."

मनिषाने तिला मांडीवर घेतले व मला पाठीमागे उभे केले. मी थाळी हातात धरून वाजवली. पुन्हा जोराने वाजवली. शेजारचा कुत्रा भुंकू लागला. मनस्वी आईचे मंगळसूत्र चोखत राहिली.

तरीही मी मानले नाही. माझी नणंद गंगुबाई म्हणाली, "जीभ जड असेल गो. आमचा दीपक तीन वर्षांनी बोलला. वेखंड लाव." मी सहाणेवर वेखंड उगाळू लागले. मनिषाने ते हातातून घेतले व अंगणात फेकले.

"दुखणं कानाचं आन् औषध जिभेला?"

"डॉक्टरकडून बहिरी म्हणून ठरवून आणलंस तर उद्या करील कोण तिला?" गंगुबाईने विचारले.

"आत्या, आधी दात येऊ देत. मग नवरा बघू."

मी म्हणाले, "दोन वर्षांची होईपर्यंत थांब." तेव्हा घरोघरी येणाऱ्या आशा कार्यकर्ती दमयंतीकडून तिने जे ऐकले होते ते मला सांगितले. मूल पोटात असतानाच आईचा आवाज ऐकते. सहा महिन्यांपर्यंत ते आवाजाकडे मान वळवू लागते. कित्येक महिने ऐकल्यावर त्याचा पहिला शब्द येतो.

"दोन वर्षांचं ऐकणं मग कोण भरून देणार? तुम्ही?"

दीपकनेही फोनवर, "मी येईपर्यंत थांब," असे सांगितले. तिने, "तू ये सावकाश," म्हणून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी रिक्षा बोलावली. मीही रिक्षात बसले. तिचे म्हणणे खोटे ठरलेले मला डॉक्टरांच्या तोंडून ऐकायचे होते.

झोपलेल्या मनस्वीच्या डोक्याला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कानांनी फारच कमी ऐकू येते, असे डॉक्टर म्हणाल्या. मी रडू लागले. मनिषाने विचारले, "ऐकायचं मशीन कधी मिळेल?"

मशीन दहाव्या महिन्यात मिळाले. त्यानंतर गंगुबाईच्या नातवाचे बारसे आले. दोन्ही कान झाकतील असे टोपरे मी मुद्दाम विणले होते. मनिषाने दारातच ते काढून माझ्या हातात दिले.

"टोपरं मशीनला घासतं आई, तिला नुसती खरखर ऐकू येते. आणि झाकायला आपण चोरी केलीय काय?"

आत गेल्यावर गंगुबाईने सर्वांसमोर विचारले, "ह्या काय गो पोरीच्या कानात?"

"मशीन," मीच उत्तर दिले. "ऐकायचं. मी तिला सहा महिने उगाच थांबवणार होते."

मी सहा महिने म्हणाले. खरे तर दीड वर्ष म्हणायला हवे होते. बायकांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. आम्हाला मागे भिंतीजवळ बसवले होते. मनिषा उठली, बायकांमधून वाट काढत पुढे गेली आणि मनस्वीला घेऊन गाणाऱ्यांच्या अगदी समोर बसली. तेथे तिला कोणी जागा दिली नव्हती.