आधी घरचे बोलतील

बालकल्याण कार्यालयातल्या त्या समाजसेविकेला सगळे पाठीमागे चिकटपट्टी म्हणत. एखादं कुटुंब हाती आलं की ती काही केल्या सोडायची नाही. हे नाव तिच्याही कानावर होतं. "चिकटते म्हणून तर घरं टिकतात," एवढंच ती म्हणायची.

त्या वर्षी तिच्याकडे दोघी बहिणी आल्या. वडील गेल्यापासून आईने हाय खाल्ली होती. ती अंथरुणातून उठत नव्हती, आणि मोठी शाळा बुडवून धाकटीला सांभाळत होती. शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि साहेबांनी ठरवूनच टाकलं: एक या संस्थेत, दुसरी त्या संस्थेत.

"आधी घरच्यांना विचारू," चिकटपट्टी म्हणाली.

"घरचं आहे कोण?" साहेब म्हणाले. "बघा आठवडाभर."

आईसुद्धा भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "आमचं कुणी नाही." पण मोठी दारापर्यंत सोडायला आली आणि हळूच म्हणाली, "आत्या आहे. ती आणि आई बोलत नाहीत."

आत्या शिवणकाम करायची. चिकटपट्टी दुकानात शिरली तरी तिने मशीन थांबवलं नाही. "माझा भाऊ एवढा आजारी, आणि मला कळवलंसुद्धा नाही तिने. मी तिचं तोंड बघणार नाही."

"नका बघू. पोरींसाठी या. आणि तिला काय सुनावायचं ते माझ्यासमोर सुनावा."

आत्याने वाटेला लावलं. चिकटपट्टी दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. शेवटी आत्याच वैतागली, "येते बाई, पण माझा पिच्छा सोडा."

कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीतलं मोठं टेबल चिकटपट्टीने बाहेर काढायला लावलं आणि खुर्च्या गोल मांडल्या. "आधी घरचे बोलतील. साहेब, आपण शेवटी." साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण ते बसले.

आत्याने मनात साठलेलं सगळं बाहेर काढलं. मोठीच्या आधाराने आलेली आई मान खाली घालून ऐकत राहिली. मग म्हणाली, "त्यांनीच नको म्हटलं होतं, वन्सं. तुम्ही त्यांना तशा अवस्थेत बघावं, हे त्यांना सोसलं नसतं."

साहेब काही म्हणायला गेले, तर चिकटपट्टीने त्यांना हातानेच थांबवलं.

"पोरी माझ्याकडे राहतील," आत्या म्हणाली. "आणि हीसुद्धा. दवाखान्यात मी नेईन हिला. आईला मागे ठेवून आणलेल्या पोरींना झोप लागेल का?"

साहेबांनी शंका काढल्या. चिकटपट्टीने एकेक निकालात काढली आणि दर आठवड्याला जाऊन बघायची जबाबदारी अंगावर घेतली.

वर्ष सरलं तेव्हा आई कामाला लागली होती आणि वेगळी खोली शोधत होती. आत्या म्हणे, एवढी घाई कसली? त्यावरून दोघींचं रोज वाजायचं. चिकटपट्टीने ते भांडण समाधानाने ऐकलं, चहा संपवला आणि पुढच्या घराकडे निघाली.