धारेचे पवार

पारसिकच्या डोंगराला आमची दगडाची खाण होती. चाळीस माणसं दगड फोडायची आणि एक माणूस त्यांच्या हत्यारांना धार देऊन ठेवायचा. तो गुणाजी पवार. बोथट छिन्नी तापवायची, ठोकून टोक काढायचं, मग पाणी पाजायचं. टोक बुडवून बाहेर काढायचं, रंग गव्हाळ होईतो थांबायचं, मग सगळी बुडवायची. घाई केली तर टोक पहिल्या घावाला उडतं. उशीर केला तर दगडावर वाकतं. गुणाजी दिवसाला शंभरावर छिन्न्या करी, आणि त्यातल्या दोन-तीन परत येत. मी बावीस वर्षं दगड फोडला. असं पाणी दुसऱ्या कुणाच्या हाताला पाहिलं नाही.

काम लोहाराचं, आणि गुणाजी लोहार नव्हता. कुणी डिवचायचं, "काय रे, पवार असून भाता ओढतोस?" मान वर न करता तो म्हणायचा, "धारेचे पवार आम्ही. धार लावू नको तर काय करू?" ऐकणारे हसत. तो हसत नसे.

तो चार वर्षांचा असताना साथीत आई-बाप एका पंधरवड्यात गेले. मामाने त्याला उचलून कळव्याला आणलं. बापाकडचं म्हणून त्याच्यापाशी मामाने सांगितलेले दोनच शब्द होते, धारेचे पवार. घर नाही, जमीन नाही, भावकी नाही.

दिवाळीनंतर दरवर्षी माळव्याकडून एक भाट यायचा. लाल कापडात बांधलेली मोठी वही घेऊन तो पवारांची घरं फिरायचा. अबूच्या अग्निकुंडातून पहिला परमार निघाला, तिथून सांगायला सुरुवात. मग उज्जैन, मग धार. एक शाखा माळव्यात राहिली, एक वाळवंटाकडे गेली, एक दक्षिणेत उतरली. इथे परमारांचे पवार झाले. कुणाला गावावरून आडनाव पडलं, कुणाला हुद्द्यावरून. "निंबाळकर म्हणा, दळवी म्हणा, मूळ एकच," असं तो सांगायचा. गुणाजीचे दोन शब्द ऐकून तो पहिल्याच वर्षी म्हणाला, "धारेचे म्हणजे धार नगरीचे. राजाचं घर." त्याने गुणाजीचं नाव वहीत घातलं. त्या दिवसापासून भाट आला की गुणाजी शेजाऱ्यांना हाका मारून बसवायचा. त्याची बायको सगुणा दारातून म्हणायची, "राजाची राणी मी, आणि नळावर माझा नंबर सतरावा." तेव्हाही तो हसत नसे.

त्रेपन्न साली त्याच्या मुलीचं, आवडाचं लग्न ठरत आलं. मुलगा सहदेव दळवी, मोहन्याच्या कारखान्यात कामाला. मुलाचे वडील मारुती दळवी कल्याणला राहायचे, माणूस सरळ. दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि आवडाने आईला "हो" सांगितलं होतं. पोरीने तोंडाने हो म्हणणं तेव्हा लहान गोष्ट नव्हती. सुपारी फोडायला आम्ही पाच जण कल्याणला गेलो.

चहा झाला. मारुतीरावांची आई, रखमाबाई, भिंतीला टेकून बसली होती. तिने विचारलं, "गुणाजीराव, देवक कोणतं तुमचं?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आमच्यात लग्नाआधी घरात देवक बसवतात. कुणाचं झाडाची पालवी, कुणाचं मोराचं पीस, कुणाचं आणखी काही. दोन्ही घरांचं देवक एक निघालं तर पोरगा-पोरगी भाऊ-बहीण ठरतात. लग्न होत नाही.

गुणाजी अभिमानाने म्हणाला, "आम्ही धारेचे पवार. देवक तलवारीची धार."

रखमाबाईने सुपारीचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं. "मारुती, थांब. आपलंही तेच."

 मारुतीराव म्हणाले, "आई, आडनावं तर वेगळी आहेत."

"आडनाव कुणीही लावतं. देवक खोटं नाही बोलत." मग ती गुणाजीला म्हणाली, "तुमच्या लग्नात काय बसवलं होतं?"

"सुरी. मामाने बसवलेली."

"मामाने पाहिलं होतं का, ऐकलं होतं?"

 "ऐकलं असेल. मामा कधी आमच्या गावी राहिला नाही."

"तर तुमच्या बापाच्या लग्नात काय होतं, ते डोळ्यांनी बघितलेलं माणूस शोधा. माघापर्यंत वाट बघते. नाहीतर पोराला दुसरीकडे बघावं लागेल."

 घरी आल्यावर गुणाजीने सगुणाला सगळं सांगितलं. आवडा आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. त्या रात्री त्यांच्या घरात कुणी जेवलं नाही, हे सगुणाने नंतर माझ्या बायकोला सांगितलं.

चार दिवसांनी भाट आला. ऐकून म्हणाला, "एवढंच ना? वहीत तुमची शाखा बदलतो. देवक सूर्यफूल लिहितो. वही पुढे केली की म्हातारी काय बोलणार?"

गुणाजी म्हणाला, "तू लिहिशील. म्हातारी मानेल. पोरीवर अक्षता पडतील तेव्हा मला ठाऊक असेल त्याचं काय?"

"मग पोर घरी ठेवा," भाट म्हणाला.

पुढच्या रविवारी पहाटे गुणाजी आणि मी निघालो. मुरबाडपर्यंत एसटी, पुढे पायी. त्याच्या बापाचं गाव घाटाच्या पायथ्याला होतं. गावाचं नाव त्याला ठाऊक होतं, पण चार वर्षांचा गेलेला माणूस पंचेचाळीस वर्षांनी परत येत होता. चौदा मैल चाललो. मी दोनदा बसलो, तो एकदाही नाही.

देवळापाशी धाकू गुरव सापडला. ऐंशीचा असेल. कानाने कमी, पण डोकं शाबूत. गुणाजीने बापाचं नाव सांगितलं, "गोविंदा पवार."

"कुठला गोविंदा? टेपावरचा, वरच्या टेकाडावरचा, का धारेचा?"

"धारेचा."

म्हाताऱ्याने काठीने डोंगराकडे दाखवलं. काळ्या कातळावरून पाण्याची बारीक धार पडत होती. खाली दोन-तीन पडकी जोती. "ती तुमची धार. बारा महिने पाणी. म्हणून तुम्ही धारेचे."

गुणाजी त्या पाण्याकडे बघत राहिला. मग त्याने विचारलं, "बाबांच्या लग्नात देवक कोणतं होतं?"

"पंचपल्लव. वड, पिंपळ, आंबा, उंबर, जांभूळ. पाचही डहाळ्या मीच तोडल्या ना! जांभळीवरनं पडलो तेव्हा. हा बघ गुडघा."

देवक वेगळं होतं. आवडाचं लग्न होणार होतं. मला वाटलं, गुणाजी आता म्हाताऱ्याच्या पाया पडेल. पण त्याने दुसरा प्रश्न विचारला. "आम्ही मूळचे कुठले? धार नगरीचे का?"

"कसली नगरी? तुझा आजा भिवा घाट उतरून आला. टेपावरच्या पवारांकडे गडी होता. पवारांचा भिवा, पवारांचा भिवा म्हणता म्हणता पवारच झाला. त्याच्या आधीचं त्यालाच ठाऊक. सांगितलं नाही त्याने."

मी गुणाजीला म्हणालो, "चल, काम झालं."

तो परत फिरला नाही. त्या जोत्यांपर्यंत गेला, धारेखाली तोंड धुतलं, पाणी प्यायला. परत येताना वाटेत मी म्हणालो, "अरे, देवक तेवढं सांग. गड्याचं कशाला सांगायचं? कुणी विचारलंय का?"

"नाथा, छिन्नीला अर्धं पाणी देऊन चालतं का?"



कल्याणला दळव्यांच्या घरी तो जमिनीवर बसला आणि पाहिलं-ऐकलं ते सगळं ओळीने सांगितलं. पंचपल्लव सांगितलं. टेप सांगितला, पाण्याची धार सांगितली, आजा गडी होता हे सांगितलं. "पवार आडनाव आमचं नाही. कोणतं होतं ते ठाऊक नाही. राजाचं घर, वंश, हे मी इतकी वर्षं बोलत आलो ते खोटं होतं. मी जाणून खोटं बोललो नाही. आता तुम्ही ठरवा."

मारुतीराव आईकडे बघू लागले. सहदेव दाराशी उभा होता. त्याने काही बोलायला तोंड उघडलं, रखमाबाईने हाताने त्याला थांबवलं.

"कुळाचा पत्ताच नाही म्हणता?"

"नाही."

"आणि हे तुम्ही स्वतःहून सांगताय?"

"हो."

म्हातारी बराच वेळ पदराचं टोक चोळत राहिली. दळव्यांना आपल्या कुळाचा अभिमान होता, नाही असं नाही. नात्यातले चार जण नावं ठेवणार, हे तिला दिसत असणार. मग ती म्हणाली, "गुरवाने डहाळ्या स्वतः तोडल्या?"

"पडला तेव्हा. गुडघा दाखवला त्याने."

"मग देवक खरं. मारुती, सुपारी आण."

लग्न माघात, कळव्याला आमच्या चाळीच्या अंगणात झालं. मोहन्याहून सहदेवच्या खात्यातली वीस-पंचवीस माणसं आली होती. पंचपल्लवाच्या डहाळ्या गुणाजीने स्वतः आणल्या. उंबर जवळपास मिळेना म्हणून माजिवड्यापर्यंत जाऊन आला.

कन्यादानाला बसल्यावर गुरुजींनी नेहमीप्रमाणे विचारलं, "कन्येच्या वडिलांचं नाव?"

"गुणाजी."

"आज्याचं?"

"गोविंदा."

"पणज्याचं?"

"भिवा."

"कुळ?"

मांडवात दळव्यांकडचे सगळे होते. आमच्या खाणीवरचे चाळीस जण होते. डिवचणारेही त्यात होते. भाटाचं सांगणं ज्यांनी वर्षानुवर्षं त्याच्या ओट्यावर बसून ऐकलं होतं, ते शेजारी होते. मागच्या रांगेलाही ऐकू जाईल अशा आवाजात गुणाजी म्हणाला, "भिवाच्या मागचं ठाऊक नाही."

 तेवढ्यावरच गुरुजींनी संकल्प सोडला, आणि गुणाजीने पोरीचा हात पुढे केला.