वळायला जागा नाही

बबन ज्या सरकारी कार्यालयाची गाडी चालवायचा, त्याचं नाव सांगून उपयोग नाही. गाड्या सगळ्या पांढऱ्याच असतात. मागच्या सीटवर किती साहेब बसून गेले, त्यांचे चेहरे त्याला धड आठवत नाहीत, पाठी आठवतात. साध्या नगरसेवकाचा फोन आला तर साहेबांची पाठ सीटला टेकलेली राहते. मंत्रालयातून आला की सुटते. राजभाऊंचा आला की साहेब बसल्या जागी उभे राहतात. राजभाऊ कुठल्याच पदावर नाहीत.

जयकुमारसाहेब असेच उभे राहिले होते. नवघरची एक धोकादायक इमारत रिकामी करायला निघाले होते, पोलीस पुढे पोहोचलेही होते. इमारत दिसू लागली तोच फोन वाजला. निवडणूक तोंडावर आली होती आणि इमारतीत सगळी राजभाऊंची माणसं.

"हो भाऊ. नाही भाऊ, मतदान झाल्यावरच बघू." मग फोन खिशात टाकून, "बबन, गाडी वळव."

बबनने वळवली. वळताना आरशात दुसऱ्या मजल्याची गॅलरी आली. हंसाबेन हिरवी साडी वाळत घालता घालता हात हलवत होत्या. नोटीस चिकटवायला गेले होते तेव्हा त्यांनीच बबनला ताक दिलं होतं. साहेब येतायत, असं त्यांना वाटलं असावं.

इमारत मतदानापर्यंत थांबली नाही. हंसाबेन आत होत्या.

चौकशी रीतसर झाली. जयकुमारसाहेब त्या दिवशी जागेवर पोहोचलेच नव्हते, सबब त्यांचा संबंध येत नव्हता. पुढे त्यांना बढती मिळाली. बबनला कोणी काहीच विचारलं नाही.

आरसा मात्र बिघडला. गाडी वळवली की त्यात गॅलरी यायची, साडी यायची, हलणारा हात यायचा. बबनने आरसा बदलून घेतला. नव्यातही तेच. मग तो वळणंच टाळू लागला; लांबचा फेरा घालून गाडी सरळ आणायचा. साहेब लोक डिझेलवरून बोलायचे.

"म्हातारी माझ्यावर न्हाय रागावलेली," तो बायकोला सांगायचा. "अजून हात हलवते. तोच तरास हाय."

गिरिजा मासळी साफ करत म्हणायची, "रिटायर व्हायला आलाव. गाडी चालवा, सरकार चालवू नका."

यंदा रुचिता मॅडम आल्या. वयाने बबनच्या मुलीएवढ्या, त्याला बबनकाका म्हणणाऱ्या. जेसल पार्कच्या बाजूची अशीच एक इमारत रिकामी करायला निघाल्या आणि वाटेत फोन आला. मॅडम बसल्या जागी उभ्या राहिल्या.

"हो भाऊ. समजलं भाऊ." त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. "बबनकाका, गाडी वळवा."

बबनने आरशात पाहिलं. अजून वळलाही नव्हता, तरी हात हलत होता.

"मॅडम, हितं वळायला जागा न्हाय."

"काका, आत्ता समोरची रिक्षा वळली."

"रिक्षाला काय मॅडम. ती वळली म्हणून कोण मरत न्हाय."

गाडी सरळ गेली आणि इमारतीच्या फाटकाशी थांबली. वरून कोणीतरी ओरडलं, "मॅडम आल्या!" आता त्या जागेवर पोहोचल्या होत्या. त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि दार उघडलं. संध्याकाळपर्यंत इमारत रिकामी झाली. लोक शिव्या देत शाळेच्या वर्गांत राहायला गेले.

मॅडमची बदली झाली. ती होणारच होती. पण बबनचीही झाली, पाण्याच्या टँकरवर. साहेब लोकांच्या पंगतीत पहिल्यांदाच त्याचं पान मांडलं गेलं.

अडचण एवढीच, की इमारत पडली नाही. पाऊस येऊन गेला, तरी उभी. "बघा," राजभाऊ सभेत म्हणाले, "काय झालं? कुठे पडली?" बबन रोज ड्युटी संपली की तिकडे जाऊन बघायचा. ती पडावी, असं आपल्याला वाटतंय, हे एकदा त्याच्या लक्षात आलं. त्या रात्री तो जेवला नाही.

आणि एके दिवशी परत आला तो पांढराफटक.

"गॅलरीत साडी वाळते हाय," तो म्हणाला. "दुसऱ्या माळ्यावर."

गिरिजाने मीठ-मोहऱ्या उचलल्या. "तीच? हंसाबेन?"

"तिचं भूत असतं तर बरं झालं असतं. माणसं हायत. राजभाऊंनी परत राह्यला आणली."

नवे साहेब तिथे गेले नाहीत. सकाळी बबनला टँकरची फेरी लागली, त्याच इमारतीची. तिथला नळ अजून जोडायचा होता. त्याने फाटकाशी टँकर लावला, पाईप टाकीत सोडला. वर गॅलरीतल्या बाईने पाणी आलेलं पाहिलं आणि खुशीने हात हलवला.

बबनने आरशात बघितलं नाही. गरज नव्हती. पाणी मात्र त्याने टाकी भरेपर्यंत सोडलं.