एक रेघ की दोन?

"ताई, हे मराठी मंडळात कुणाला कळणार नाही ना?"

टॅला या आयरिश उपनगरातल्या आमच्या फार्मसीत काउंटरमागे एक छोटी खोली आहे, खासगी बोलण्यासाठी. तिथे बसून निखिल हे तिसऱ्यांदा विचारत होता. मूळचा नागपूरचा, सॉफ्टवेअर इंजिनिअर. अमेरिकन क्लायंटसाठी रात्रभर काम, आणि दिवसा झोपेचा पत्ता नाही. बिचाऱ्याने कुठल्याशा अ‍ॅपवरून झोपेच्या गोळ्या मागवल्या होत्या.

"अरे, मी फार्मासिस्ट आहे, मंडळाची सेक्रेटरी नाही," मी म्हटलं.

अशा बनावट गोळ्यांत कधीकधी नायटाझिन निघतं. अफूसारखंच काम करणारं, पण कैक पटींनी जहाल. कणभर जास्त झालं की श्वास थांबतो. ते ओळखायला टेस्ट स्ट्रिप असते. गोळीचा चुरा पाण्यात विरघळवायचा, पट्टी बुडवायची आणि रेघा मोजायच्या.

"घेऊच नकोस, हे माझं मत. घेणारच असशील तर आधी तपास. आणि घरात एकटा असताना तर अजिबात नको." ओरडून काही होत नाही. माणूस आपल्याकडे यायचा थांबतो, गोळी घ्यायचा नाही.

मग माझं सासर नागपूरचं, हे बोलण्यात निघालं, आणि गप्पा अशा रंगल्या की विचारू नका. स्वारी स्ट्रिप्स घेऊन खुशीत घरी गेली.

तासाभराने आमची नेहमीची गिऱ्हाईक ब्रिजिड आली, भाच्यासाठी स्ट्रिप्स न्यायला. आमचा नियम आहे, सांगितलेलं समोरच्याकडून शेवटी वदवून घ्यायचं. ती म्हणाली, "वन लाइन बॅड, टू लाइन्स ग्रँड. बट नो गॅरंटी." म्हणजे एक रेघ वाईट, दोन रेघा ठीक, तरी खात्री नाही.

मला एकदम निखिल आठवला. या स्ट्रिपचं कोविड टेस्टच्या नेमकं उलट असतं. निखिलला मी हे सांगितलं होतं का? आठवेना. वदवून तर नक्कीच घेतलं नव्हतं. एवढा शिकलेला, त्यात आपला माणूस, त्याला शाळेतल्यासारखं काय बोलायला लावायचं!

फोन लावला. उचलला नाही. परत लावला. नाही. त्याच्या बायकोचा नंबर आमच्या सिस्टिममध्ये होता, पण तिला फोन करणं म्हणजे दिलेला शब्द मोडणं. आता नाही उचलला तर शब्द गेला खड्ड्यात, असं ठरवून तिसऱ्यांदा लावला.

"सॉरी ताई, मीटिंगमध्ये होतो. टेस्ट केली. एकच रेघ, निगेटिव्ह! आता गोळी घेऊन आडवा होतो."

"थांब! एक रेघ म्हणजे सापडलंय!"

"पण कोविडला तर..."

"हे कोविड नाही, गाढवा!" माझी प्रोफेशनल भाषा तेवढी सुटली.

अर्ध्या तासात तो पाकीट घेऊन हजर झाला, बायकोसकट. त्यानेच तिला सगळं सांगितलं होतं. ती रडत होती. चूक माझी होती, मी दोघांची माफी मागितली. गोळ्या नष्ट करायच्या डब्यात टाकल्या आणि त्याला जीपीकडे, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडे, पाठवलं.

माझ्या मॅनेजरने, ओर्लाने, या चुकीबद्दल मी लिहिलेला रिपोर्ट वाचला. "युअर मॅन वॉज वन ऑफ युअर ओन, वॉज ही?" तिने शांतपणे विचारलं, म्हणजे तो तुझ्याच माणसांतला होता ना. मी मान खाली घातली.

महिन्याने निखिल भेटला. शिफ्ट बदलून मिळाली होती, सहा तास झोप लागत होती. चेहराच सांगत होता. फार बरं वाटलं.

आता मी सगळ्यांकडून वदवून घेते. आपल्या माणसांकडून दोनदा.