थर्माकोलची देवळी

सुग्रीवभाऊ गवंड्यांविषयी आज वहीत लिहिते आहे, कारण देवापुढं डोळे मिटले तरी त्यांचंच तोंड दिसतं.

आमच्या कडा गावातली कितीतरी पक्की घरं त्यांच्या हातची. त्यांचे वडील दगड घडवायचे, माळवदाच्या घरांना खांब बसवायचे. सुग्रीवभाऊ हाताशी आले तेव्हा लोकांनी माळवदं पाडून स्लॅब मागितला. मग त्यांनी सरळ, चौकोनी घरं बांधली. नक्षी नाही, कमान नाही. गळत नाहीत एवढाच त्यांचा डौल.

आमचंही त्यांनीच बांधलं. दर्शनी बाजू मात्र बीडच्या इंजिनियर साहेबांनी काढून दिली. म्हणाले, "वहिनी, नुसता चौकोन आता जुना झाला. जुन्यातलं थोडं उचलायचं, नव्यावर बसवायचं. गंमत आली पाहिजे." देवळासारखे खांब, वर कमान, दाराशेजारी दिव्यासाठी तयार कोरीव देवळी. मला लई आवडलं. खोटं कशाला लिहू, अजूनही आवडतं.

सुग्रीवभाऊंनी खांबावर टिचकी मारली. "ह्यो काय उचलतो, वहिनी?"

"काही नाही. शोभेला आहे."

"मंग आमच्या मेव्हण्यासारखा हाय. राहू द्या." मग त्यांनी देवळीत बोट दाबलं. "ही मातर न्हाई चालायची. आत थर्माकोल हाय, वरून सिमेंटचा नुसता हात. दिव्यानं वितळंल. एका दिवसात इटाची करून देतो."

मी म्हणाले, "तुम्ही जन्मभर खोकी बांधली, भाऊ. देवळीतलं तुम्हाला काय कळतं?"

मजूर हसले. भाऊ थापी पुसत राहिले.

वास्तुशांतीला आमच्याकडं गवंड्याला फेटा बांधून पहिल्या पंगतीला बसवतात. फेटा ताटात तयार होता. मी नाम घेत देवळीत दिवा लावला. थोड्या वेळानं घाण वास सुटला, देवळीचा माथा खाली आला, दिवा पायरीवर पडला. पाहुणे धावले. आणि त्या सगळ्यांसमोर मी म्हणाले, "सुग्रीवभाऊ, काय हे काम केलंत!"

त्यांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं. "चुकलं, वहिनी." आमच्या ह्यांनी फेटा उचलून आत नेला. भाऊ न जेवता गेले.

काल शेजारच्या सारजाबाई सांगत होत्या, "माझ्या घराला मी सुग्रीवला न्हाई म्हणून कळवलं बाई. तुझी देवळी बघितली की!"

रात्रभर माळ ओढली, मन लागलं नाही. सकाळी सारजाबाईंकडं जाऊन त्यांना सगळं सांगितलं.

"मंग त्या दिवशी का न्हाई बोललीस?"

त्यांनी माझ्यासमोरच भाऊंना फोन लावला. "गवंडी, उद्या या, पाया आखायचाय. आन् ही बोलतीया, ऐका."

मी माफी मागितली. फेटा घेऊन येते म्हणाले.

"फेटा वास्तुशांतीचा असतो, वहिनी. ती झाली," भाऊ म्हणाले. "एक करा. दाराशी ते भोक हाय, एवढ्यात बुजवू नका. आल्यागेल्यानं इचारलं की खरं काय ते सांगा."

आज तिघांनी विचारलं. दोघींना सांगितलं. तिसरे आमचे व्याही होते. त्यांना मी म्हणाले, "काम चालू आहे अजून."